डबल बेल

सातारा डेपोत अंजना निकमचा राग सगळ्यांना पाठ होता. पंचवीस वर्षं तिनं एसटीत कंडक्टरकी केली आणि पंचवीस वर्षांत कुणाचं उगाच ऐकून घेतलं असं एकदाही झालं नाही. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याशी भांडण. दारात लोंबकळणाऱ्याशी भांडण. जतच्या गाडीवर असताना, कोकरू मांडीवर घेतलंय म्हणजे त्याचं तिकीट लागत नाही असं ठासून सांगणाऱ्या मेंढपाळांशी तर रोजचंच. ते कानडीत बोलायचे, ही मराठीत बोलायची, आणि शेवटी कोकराचं तिकीट फाटायचंच. फक्त ड्रायव्हर आप्पासोशी तिचं कधी वाजलं नाही, कारण आप्पासो मुळात बोलतच नसे. दिवसाकाठी त्याच्या तोंडून चार वाक्यं निघाली तर डेपोत त्याची चर्चा व्हायची.

या दोघांचं बोलणं चालायचं ते घंटीवर. जुन्या एसटीच्या छताखालून पुढपासून मागपर्यंत एक दोरी असायची. ती एकदा ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी एकदा वाजणार, म्हणजे थांबा. दोनदा ओढली की दोनदा वाजणार, म्हणजे चला. डबल बेल. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय मोठं, दोरी तर ओढायची! अंजनाला हे कुणी म्हटलेलं खपत नसे. म्हातारी पायरी चढून वर आलीय, कुणाचं पोर खाली राहिलेलं नाही, कुणाचा पदर दारात अडकलेला नाही, सगळे आत आहेत आणि आता त्यांची जबाबदारी माझ्यावर, एवढं सगळं त्या दोन टोलांत असतं, असं ती नव्या पोरींना शिकवायची. दोरी तुटलेली असली तर हाताचा पंजा गाडीच्या पत्र्यावर दोनदा आपटायची. धप्, धप्. आप्पासोला तेही कळायचं आणि गाडी निघायची.

तिनं ही नोकरी धरली तेव्हा सासरचं अख्खं खटलं तिच्यावर उठलं होतं. नवरा उदयसिंह फौजेत, तिकडं आसामात. घरी ऊस. चुलतसासरे म्हणाले, "निकमांची सून तिकिटं फाडनार? आमी गावात तोंड कुठं दावायचं?" अंजना म्हणाली, "तुमच्या तोंडाचं तुमी बगा. माज्या पोराच्या शाळंचं मी बगते." झालं. त्या दिवसापासून चुलतसासरे तिच्या गाडीत कधी बसले नाहीत, आणि तिनंही त्यांना कधी हाक मारली नाही.

माहेरी मात्र तिचे वडील आबा, म्हणजे नाथाजी ननावरे, हरखून गेले. त्याचं कारण वेगळंच होतं.

ननावऱ्यांचं गाव खंडाळा तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावरच्या फाट्यापासून आत. नाथाजींचे वडील कोंडीबा पलटणीत शिपाई होते. दुसरं महायुद्ध चालू असताना ते रजेवर आले, रजा संपली, आणि त्या फाट्यावरूनच पुण्याकडं जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसले. बायको पोटुशी होती. "मोटारीनं चाललोय, मोटारीनंच येतो," एवढं तिला म्हणाले. नाथाजी जन्मले, आणि पुढल्या वर्षी तार आली की कोंडीबा इटलीत पडले. देह नाही, अस्थी नाहीत, नुसता कागद. बायकोनं कागदावर विश्वास ठेवला नाही. कागदाला काय कळतंय, म्हणाली. पोराला सांगत राहिली, "तुजा बा मोटारीनं येनार हाय." नाथाजी शाळा सुटली की फाट्यावर जाऊन बसायचे आणि मोटारीतनं कोण उतरतं ते बघायचे. सर्व्हिस मोटारी गेल्या, एसटी आली, नाथाजींना मिसरूड फुटलं, सगळं कळायला लागलं. पण संध्याकाळी फाट्यावर बसायची सवय काही सुटली नाही. मुलगी कंडक्टर झाली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. आता गाडीवर आपलं मानूस हाय. बगत जा, कोन कोन चढतंय ते." म्हणताना ते हसले होते. अंजनाला काही हसू आलं नव्हतं.

आता या गोष्टीतली मोटार.

अंजनाचा मुलगा जयराज शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. अंजना निवृत्त झाली त्याच्या पुढल्या वर्षी कारखान्यानं त्याला एक यंत्र बघायला इटलीला पाठवायचं ठरवलं. त्यानं कामाला जोडून चार दिवस रजा टाकली आणि आईला म्हणाला, "तूही चल." अंजनाच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट आली. ती दुसऱ्याच दिवशी माहेरी गेली.

नाथाजी ब्याऐंशीचे. काठी धरून फाट्यापर्यंत जातात, तेवढंच. त्यांनी ट्रंकेच्या तळातनं एक घडी घातलेला कागद काढला. पलटणीतल्या एका साहेबानं मागं कधीतरी इंग्रजीत लिहून दिलेला. त्यावर त्या गावाचं नाव होतं, जिथं आपल्या शिपायांची नावं दगडात कोरली आहेत.

"अंजे, ते नाव हाय का न्हाई तेवडं बगून ये," आबा म्हणाले. "हात लावून ये. आन तितनं मला फोन लाव. म्या काय आता जात न्हाई."

एवढंच मागणं. ना सोनं, ना नाणं. अंजनानं तो कागद आपल्या जुन्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत ठेवला आणि पिशवी सामानात घातली.

निघायच्या आधी घरी पाहुणे जमले. जयराज सगळ्यांना बेत सांगत होता. दोन दिवस शहर बघायचं, शनिवारी ते स्मारक, रविवारी विमान. स्मारक शहरापासून चाळीसेक किलोमीटर, आडरानात टेकडीवर. "मी गाडी भाड्यानं बुक केलीय. तिथं बस म्हणजे दिवसातनं दोन-तीन. बसच्या नादाला लागलो की दिवस वाया. पाहिजे तिथं थांबता येत नाही, पाहिजे तेव्हा निघता येत नाही." आणि मग हसत पुढं म्हणाला, "आईनं जन्मभर बसमध्ये उभं राहून काढलं. आता परदेशात जाऊनपण बसच? शोभतं का ते?"

त्याला वाटलं आपण मायेनं बोललो. अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"न शोभायला काय झालं रं?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "त्याच बशीच्या पासावर तू शाळा शिकलास. त्याच बशीनं कालेजात गेलास. तवा शोभत हुतं, आन आता तुला चावी फिरवायला आली म्हनून शोभंना व्हय?"

"आई, माझा तसा अर्थ नव्हता."

"तुमचा कवाच तसा अर्थ नसतो. बोलून मात्र तसंच जाता."

पाहुण्यांत आप्पासो बसला होता. त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली, घसा साफ केला, आणि सगळे गप्प झाले, कारण आप्पासो बोलणार होता. "जयराज, भाईर गाडी चालवायची तर आरटीओतनं येगळं परमिट काडावं लागतं. माज्या मेव्हन्यानं काडलं हुतं. सातारलाच मिळतं. उद्या जाऊन ये."

त्या दिवसाची त्याची चार वाक्यं संपली. जयराजनं मान हलवली आणि हसून सोडून दिलं. लायसन इंग्रजीत आहे, बुकिंग झालंय, कंपनीचा मेल आलाय, मग परमिट कशाला? एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, कारण त्याला मेल वाचता येत नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं अंजना पुटपुटली. पण तिलाही त्यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसली.

शनिवारी सकाळी ती दोघं त्या परक्या शहरात, गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या काउंटरसमोर उभी होती. काचेपलीकडं एक छोटी पांढरी गाडी धुऊनपुसून तयार होती. काउंटरवरच्या पोरीनं जयराजचं लायसन उलटंपालटं केलं आणि काहीतरी विचारलं. जयराजचा चेहरा पडला. त्यानं मेल दाखवला. पोरीनं मेल खालपर्यंत सरकवला आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. आंतरराष्ट्रीय परमिट नसेल तर गाडी मिळणार नाही.

जयराजनं विनवलं, वाद घातला, साहेबाला बोलवायला सांगितलं. साहेब आला, त्यानंही त्याच ओळीवर बोट ठेवलं. आणि या सगळ्या वेळात ती पोरगी हसत होती! अंजनाला तो नकार एक वेळ चालला असता, नियम तिनं पंचवीस वर्षं पाळले होते आणि पाळायला लावले होते. पण बुकिंग घेताना कुणी लायसन विचारलं नव्हतं, तेव्हा या या म्हणाले, आणि माणूस समुद्र ओलांडून दारात आला तेव्हा तळातली ओळ दाखवली. वर हसणं!

"एवडी मोठी अक्षरं हायती तुमच्या पाटीवर," अंजना त्या पोरीला मराठीतच म्हणाली, "मग ही एकच ओळ बारीक का? आमच्या एसटीत 'उभ्यानं प्रवासी अकरा' असं ठळक लिवलेलं असतं, आंधळ्यालाबी दिसंल असं."

पोरगी आणखी गोड हसली. जयराजनं आईला दंडाला धरून बाहेर आणलं.

बाहेर येऊन तो कठड्यावर बसला. कपाळाला हात लावला. मग जरा वेळानं, समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, असं करू. आज इथलं मोठं चर्च बघू. स्मारकाचे फोटो इंटरनेटवर आहेत, अगदी जवळनं काढलेले. ते आजोबांना पाठवू. त्यांना काय कळतंय?"

आपल्याच पोटचं पोर हे बोललं, यावर अंजनाचा विश्वास बसेना.

"त्यास्नी काय कळतंय?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायला लागला. "आरं, जल्मभर फाट्यावर बसून कोन उतरतंय ते बगनारा मानूस त्यो. त्याला कळंना व्हय? त्यानं हात लावून ये म्हनलंय. फोटूला हात लावू? तुज्या त्या मोबाइलच्या काचंवर बोट घासू आन सांगू, आबा, लावला बगा हात? माज्या आज्ज्याला सांगितलं हुतं का कुनी, की गाडी मिळंना तर जाऊ नगंस, फोटू पाठव म्हनून?"

जयराजनं मोबाइल खिशात घातला.

"ऊठ," अंजना म्हणाली. "गाडी न्हाई तर न्हाई. एसटी स्टँड कुटं हाय ते इचार."

स्टँड सापडला. बसही होती, साडेनऊची. परतीची संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, आणि रविवारी एकही नाही. रविवारी गाडीच नाही, हे ऐकून अंजनाला पुन्हा राग आला. रविवारी माणसं मरत नाहीत का, लग्नं होत नाहीत का? दिवाळीच्या दिवशी, घरची पणती न बघता जतची मुक्कामी गाडी नेलेली बाई ती. पण भांडायला समोर कुणी नव्हतं. खिडकीच नव्हती, तिकीट विकणारा माणूसच नव्हता. एका बाईनं खुणेनं दाखवलं की तिकीट समोरच्या तंबाखूच्या दुकानात मिळेल. तंबाखूच्या दुकानात एसटीचं तिकीट! जयराज धावत जाऊन दोन तिकिटं घेऊन आला.

गाडीत चढल्यावर आणखी एक नवल. दाराशी खांबाला एक डबा बसवलेला. प्रत्येक माणूस आपलं तिकीट आपणच त्यात घालतो, डबा खट्कन छाप मारतो, आणि माणूस जाऊन बसतो. कंडक्टर नाहीच. अंजनानं गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. स्वच्छ गाडी, गुबगुबीत खुर्च्या, आणि माणसांची विचारपूस करायला कुणी नाही. ज्या खांबाला टेकून तिनं जन्म काढला तिथं या लोकांनी डबा टांगला होता. तिनं आपलं तिकीट त्यात घातलं खरं, पण घालताना त्या डब्याकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं.

गाडी शहराबाहेर पडली. दोन्ही अंगाला द्राक्षाच्या बागा सुरू झाल्या. तासगावच्या बागांपेक्षा बुटक्या, पण द्राक्षंच ती. अंजना पुढल्या बाकावर, खांबाशेजारी बसली होती. खांबावर एक लाल बटण होतं. पहिल्या थांब्यावर एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन चढली, हळूहळू चालत मागं गेली आणि टेकली. अंजना मान वळवून तिच्याकडं बघत होती. म्हातारी बसली, दार मिटलं, आणि अंजनाचा हात आपोआप वर गेला. दोरी नव्हती. हाताला बटण लागलं. तिनं ते दोनदा दाबलं.

टिंग.

एकदाच वाजलं. वर एक लाल पाटी उजळली. गाडी निघाली. दुसरा टोल वाजला नाही म्हणजे घंटी बिघडलीय, असं अंजनाला वाटलं. पण ड्रायव्हरला कळलं, म्हणजे माणूस कामाचा आहे. तिला एकदम बरं वाटलं. त्या दिवसातलं पहिलंच बरं वाटणं होतं ते.

पुढच्या थांब्यावर गाडी थांबली. दार उघडलं. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. ड्रायव्हर आरशात बघत राहिला. अंजनानं दाराबाहेर डोकावलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं पुन्हा बटण दोनदा दाबलं, जरा जोरात. दार मिटलं, गाडी निघाली. त्याच्या पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. गाडी थांबते, दार उघडतं, कुणी नाही. हा ड्रायव्हर दर थांब्याला उगाच का थांबतोय, म्हणून अंजना मनातल्या मनात त्यालाच नावं ठेवायला लागली आणि तिनं तिसऱ्यांदा डबल बेल दिली.

चौथ्या थांब्यावर ड्रायव्हरनं गाडी बंद केली, उठला, आणि मागं वळून दोन्ही हात हवेत नाचवत ओरडायला लागला. मागची म्हातारी अंजनाकडं बोट दाखवत होती. तोवर मोबाइलवर नकाशा बघत बसलेल्या जयराजनं मान वर केली.

"आई! ते बटण तू दाबतीयस?"

"मग कोन दाबनार? हितं कंडक्टर हाय का?"

"अगं, ते थांबायचं बटण आहे. कुणाला उतरायचं असेल तर त्यानं दाबायचं. एकदा दाब नाहीतर शंभरदा दाब, गाडी पुढच्या थांब्यावर थांबणार!"

अंजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचवीस वर्षांत तिच्याकडून चुकीची घंटी गेली नव्हती. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "मग चला म्हनायचं बटन कंचं?"

"तसलं बटण नसतं."

"नसतं?" ती उसळली. "कुनीबी येरा-गबाळा थांबा म्हनू शकतो, आन चला म्हनायला एक मानूस न्हाई? मग ह्या ड्रायव्हरला सांगतं कोन, की समदी आत आली म्हनून?"

जयराज मोबाइल घेऊन उठला आणि ड्रायव्हरला त्यावर भाषांतर करून दाखवायला लागला. माझी आई भारतात बसची कंडक्टर होती. दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा. ड्रायव्हर वाचताना अजून धुसफुसतच होता. त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी सांगितलं आणि मोबाइलनं ते मराठीत म्हणून दाखवलं: "गाडी कधी सोडायची ते मला कळते. मला आरसा आहे."

"आरशात पाठीमागचं दिसतं," अंजना म्हणाली. "खाली ऱ्हायलेलं न्हाई दिसत."

हे जयराजनं भाषांतर केलं की नाही, कोण जाणे. अंजनानं पिशवीतनं आबांचा कागद काढून ड्रायव्हरपुढं धरला. जतच्या गाडीवर तरी भाषा कुठं कळत होती? 'बर्री' म्हणजे या आणि 'मुंद होग्री' म्हणजे पुढं सरका, एवढ्या दोन कानडी शब्दांवर तिनं वर्षं काढली, आणि एक माणूस चुकीच्या ठिकाणी उतरला नाही. तिनं कागदावरच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं, मग वर आभाळाकडं दाखवलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला. ड्रायव्हरनं कागद वाचला. त्याचे हात खाली आले. तो जागेवर जाऊन बसला.

टेकडीखालच्या थांब्यावर त्यानं स्वतःच गाडी थांबवली आणि घड्याळावर पाच-दहाची खूण केली. मायलेक उतरली. पण दार मिटूनही गाडी निघेना. ड्रायव्हर आरशातनं खाली अंजनाकडं बघत होता. अंजनानं मागं बघितलं, पुढं बघितलं, म्हातारी आत बसलेली दिसली. तिनं पंजा उचलला आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा आपटला. धप्, धप्. ड्रायव्हरनं हॉर्नचा बारीक आवाज केला आणि गाडी निघून गेली. जयराजनं आईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. तेवढी अक्कल त्याला आली होती.

टेकडी चढून वर गेली तर पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. हिरवळ अशी कापलेली की पाय ठेवायला नको वाटावा. दोघांनी दोन बाजूंनी बघायला सुरुवात केली. साहेबांची नावं, क्रूस, पुन्हा साहेबांची नावं. अंजनाला इंग्रजी अक्षरं लागायची. ती प्रत्येक दगडापुढं थांबून एकेक अक्षर जुळवत होती. तास गेला. ऊन चढलं. कोंडीबा ननावरे नव्हते.

"आई," जयराज हळूच म्हणाला, "कदाचित इथं नसेलच."

अंजना मटकन खाली बसली. आता आबांना फोन लावून काय सांगायचं? तिला रडू यायला हवं होतं, आला तो संताप. या माणसांना इथवर आणताना सरकारला आगगाड्या मिळाल्या, बोटी मिळाल्या, मोटारी मिळाल्या. जाताना पोचवायला सगळं होतं. परत आणायचं मात्र कुणाच्या यादीत नव्हतं. आणि मागं राहिलेल्या पोराला इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही की चल बाबा, तुझा बाप कुठं पडला ते दाखवून आणतो. ते पोर म्हातारं झालं. शेवटी नातीनं यायचं, पणतवाच्या रजेतनं दिवस चोरून, तंबाखूच्या दुकानातलं तिकीट काढून. आणि आल्यावर नावच नाही!

तोवर जयराज लांब टोकाला गेला होता. तिथून त्यानं हाक मारली. झाडांच्या पलीकडं, कबरींपासून वेगळं, एक स्मारक होतं. आपल्या लोकांना पुरत नाहीत, दहन करतात, म्हणून त्यांच्या कबरी नव्हत्या. त्यांची नावं एका दगडी भिंतीवर कोरली होती, एकाखाली एक. अंजना उठून जवळजवळ पळतच गेली. वरून तिसऱ्या ओळीत, उजवीकडं, कोंडीबा होते. ननावरेही होतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं होतं, पण तेच होते.

तिनं नावावर पंजा ठेवला. दुसऱ्या हातानं मोबाइल घेतला. जयराजनं फोन लावून दिला होता. तिकडं खंडाळ्यात दुपार कलली होती.

"आबा," ती म्हणाली, "नाव हाय."

पलीकडून आबांचा आवाज आला.

"नीट बगितलंस?"

"माजा हात हाय त्याच्यावर."

"दगूड कसा हाय?"

"गुळगुळीत. उन्हानं गरम झालाय."

"एकलेच हायती का गं?"

"न्हाई आबा. लय जण हायती. कोन आपल्याकडलं, कोन पंजाबातलं. समदी एका वळीत हायती."

अंजनानं भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, वरपासून खालपर्यंत, जशी ती भरलेल्या गाडीत फिरवायची. कुणी राहिलं नव्हतं. सगळे आत होते, ऐंशी वर्षं बसून होते, आणि चला म्हणायला कुणी आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राग तर अजून तेवढाच होता. तिनं हात उचलला आणि दगडावर दोनदा आपटला.

धप्, धप्.

"काय वाजलं गं?" आबांनी विचारलं.

"डबल बेल दिली, आबा."

आबांनी अगदी हळू विचारलं, "मंजी, निगाले?"

"निगाले. समदीच निगाली."

पलीकडं बाज करकरली. काठी कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मग काहीतरी शोधल्यासारखी खुडबुड.

"आबा? आवं, कुटं निगालासा?"

"टोपी घावंना," आबा म्हणाले. "फाट्यावर जातो."